बाराबंदीचा कागद

दाक्षायणी वैरागहून लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक, पितळेची घागर आणि शिवणाचं मशीन आलं. पाटल्या आल्या नाहीत. तिच्या बापानं "पाटल्या का मशीन" असं विचारलं होतं म्हणे, आणि या पोरीनं मशीन मागितलं. आमच्या सोलापूरच्या बाळीवेशीतल्या बायकांना हे काही पचलं नाही. पाटल्या दिसतात, मिरवता येतात, अडीअडचणीला मोडताही येतात. मशीन मोडलं तर मोडलंच. ते दारामागं चादरीच्या तुकड्याखाली उभं असायचं, आणि येणारी जाणारी प्रत्येक जण चादर उचलून बघायची आणि विचारायची, "मग, काय शिवतीस यावर?"

दाक्षायणी हसून म्हणायची, "शिकतीय की."

मी शांतम्मा, तिची शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच. मी नावाप्रमाणं आहे का, ते गल्लीत कुणालाही विचारा, हसतील. मला ती पोरगी पहिल्या दिवसापासून आवडली. तिला मशीन चालवता येत होतं, सरळ शिवण घालता येत होती, पण कापड कापता येत नव्हतं, आणि ही गोष्ट ती लपवत नव्हती. शिवायला कुणीही शिकतं हो. नवं कोरं कापड अंथरून त्यात कात्री घालायची म्हटलं की भलेभले मागं सरतात. चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेली कात्री नाही.

त्यासाठी लागतो कागद. झंपराची पाठ, पुढा, बाही, गळा असं एकेक अंग मापानं कापलेला कागद. तो कापडावर ठेवला की भोवतीनं खडूची रेघ मारायची, बस्स. असा कागद कुठं फुकट नाहीतर स्वस्तात मिळतो का, हे शोधत आम्ही दोघींनी निम्मं सोलापूर पालथं घातलं. मोठा दुष्काळ सरून गेल्यानंतरचा तो हिवाळा होता. शिवणक्लासच्या बाई स्वभावानं चांगल्या, पण त्यांचे खाकी कागद क्लासाबाहेर जात नसत, आणि क्लासला नाव घालायला सासऱ्यांकडं पैसे मागणं दाक्षायणीला नको होतं. दारात उभं राहून कानावर पडलं तेवढंच आमच्या पदरात आलं: माप नेहमी उभ्यानं घ्यावं, माणूस ताठ, हात सरळ खाली. एका मासिकात दर महिन्याला कटिंग छापून यायचं. वाचनालयात गेलो तर नेमकं ते पान आमच्याआधी कुण्या गुणी बाईनं फाडून नेलेलं.

मग गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या निंगप्पा शिंप्याकडं गेलो. त्यानं खुंटीला टांगलेल्या कागदांच्या जुडीवर असा हात ठेवला, की जणू आम्ही ती पळवायलाच आलो होतो.

"शांतक्का, च्या पी, पान खा," तो म्हणाला. "कागद तेवढा मागू नको. पोट हाय ते आमचं."

त्याचं बरोबरच होतं. तरी मी रागावले, आणि चहा पिऊन मगच उठले.

शेवटी कागद मिळाला तो रंभाबाईच्या बोचक्यात. रंभाबाई बोहारीण, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. आमच्या दारात ती बोचकं टेकून बसली होती. मी एका धोतरावर पातेली मागत होते आणि ती मला वाटी दाखवत होती, असा आमचा नेहमीचा तंटा चालला होता. दाक्षायणीचं लक्ष भांड्यांत नव्हतंच. बोचक्यातलं एक जुनं झंपर काढून ती त्याची बाही उलटी करून बघत होती.

"काय बघतीस गं?" रंभाबाईनं विचारलं.

"शिवण. ही समदी उसवली तर तुकडं सपाट पडतील, न्हवं?"

"मग उसव की," रंभाबाई म्हणाली. "कागदावर ठेव, रेघ मार, आन तुकडं मला माघारी दे. मागावाले तेल पुसायला नेत्यात. त्येंला झंपर काय आन तुकडा काय, सारखंच."

त्या दिवसापासून दाक्षायणीला कागदांचा तोटा राहिला नाही. रंभाबाई आली की ही बोचक्यावर तुटून पडायची. झंपर, फ्रॉक, लेंगा, टोपडं, काय हाती लागेल ते उसवायचं, तुकडे ओले करून सपाट वाळवायचे, जुनी वर्तमानपत्रं खळीनं एकावर एक चिकटवायची, त्यांवर तुकडा ठेवून कागद कापायचा. दोऱ्यात ओवलेली कागदांची माळ तिच्याही खुंटीला लटकू लागली. निंगप्पाला मी मुद्दाम सांगून आले.

पहिलं झंपर तिनं माझंच शिवलं. ते माझ्या दंडात चढेना. शिवणीसाठी कडेनं बोटभर कापड जास्तीचं ठेवतात, ते ठेवायचं ती विसरली होती. शिवाय ज्या बाईच्या झंपरावरून कागद काढला ती असणार वाळकी काटकी, आणि मी अशी.

"कागद फुकट मिळाला गं," मी म्हटलं, "पण अंग तिचं आलं!"

अर्धी बाही चढवलेल्या मला बघून ती हसत सुटली, तिला बघून मी. झंपर माझ्या भाचीला गेलं. पण दाक्षायणी तेवढ्यावरून शहाणी झाली. जुना कपडा हातात आला की आधी विचारायची, "हे कुणाच्या अंगाचं?" एकदाच विचारायचं राहिलं.

तिचे सासरे सिद्रामप्पा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, तीत त्यांनी उमेदीच्या काळात नंदीध्वज पेलला होता. तो म्हणजे घराच्या छपराच्याही वर जाईल एवढी उंच काठी, आणि पेलणाऱ्यानं ती उभीच्या उभी तोलत चालायचं. अंगात पांढरी बाराबंदी घालायची. तिला बटण नाही, सगळी बंदांनी बांधायची. आता त्यांचे गुडघे गेले होते. बायको, शिवबाई, तीन सालांमागं वारली, तेव्हापासून बोलणंही आटलं होतं. सुनेला मात्र ते "यव्वा" म्हणायचे. आमच्या कानडीत आईला यव्वा म्हणतात आणि लाडक्या लेकीलाही.

यंदा त्यांचा मुलगा भीमाशंकर, म्हणजे दाक्षायणीचा नवरा, पहिल्यांदा नंदीध्वज पेलणार होता. मिलमधली पाळी संपली की सरावाला पळायचा. त्याला स्वतःची बाराबंदी हवी होती आणि निंगप्पानं दिवाळीपासूनच नवं काम घेणं बंद केलं होतं. जेवणं चालली असताना दाक्षायणी बोलून गेली, "मी शिवती की."

सिद्रामप्पांनी मान वर केली. "तू?"

"व्हय, मामा."

त्यांनी भाकरीचा पुढचा घास मोडला. दुसऱ्या दिवशी मात्र काठी टेकत स्वतः गेले, कंट्रोलच्या दुकानातून पांढरं कापड घेऊन आले आणि तिच्या मशीनवर ठेवून दिलं. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, आणि या घरात तिच्या हाती कुणी काही विश्वासानं सोपवलं ते हे पहिलं. मला सांगायला आली तेव्हा पोरगी नुसती फुलून आली होती. कापड बिघडलं तर दुसरं आणता आलं असतं. सासऱ्यांच्या मनातून उतरली असती तर ते पुन्हा कुठून आणणार, याची तिला धास्ती होती.

आणि बाराबंदीचा कागद काही मिळेना.

"बोचक्यात कशी सापडंल गं?" रंभाबाई म्हणाली. "बाराबंदी कोनी भांड्यावर घालतंय व्हय?"

तेव्हा दाक्षायणीनं सासऱ्यांनाच विचारलं, "मामा, तुमची जुनी बाराबंदी कागदाला घेऊ का?"

"घे की," म्हणाले आणि देवळाकडं गेले.

ट्रंकेत बाराबंद्या निघाल्या दोन. वरची झिजून पिवळी पडलेली, खांद्यावर ठिगळावर ठिगळ. तिचा मूळ आकार कुठला आणि ठिगळ कुठलं ते कळेना. खालची पांढरीस्वच्छ, घडीत कडुलिंबाचा वाळका पाला आणि विभूतीची पुडी. शिवण हाताची. दाक्षायणीला वाटलं, चांगला कागद चांगल्या कपड्यावरूनच निघणार. कुणाच्या अंगाची हे विचारायचं कशाला, घरातलीच तर होती. उसवायची, रेघा मारायच्या आणि होती तशी शिवून घडी घालून ठेवायची, की झालं. विभूतीची पुडी तिला खटकली नाही. आमच्या घरांतून कुठल्याही ट्रंकेत ती सापडते.

ओसरीवर बसून तिनं दुपारभर ब्लेडनं एकेक टाका उसवला. बंद सुपात ओळीनं मांडले. सगळे पांढरे होते. आतल्या बाजूचा, वरून दिसत नाही तो एकच हिरवा, शिवबाईच्या इरकली लुगड्याचा. कापड कमी पडलं असावं.

मी माझ्या ओसरीवर ज्वारी निवडत होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. सिद्रामप्पा परत आले. चटईवर तुकडे पसरलेले बघून जागच्या जागी थांबले.

"यव्वा, ही कुठली?"

"खालची, मामा. वरची लई फाटकी हुती. परत शिवून ठेवती की."

ते खाली बसायला गेले, पण गुडघे वाकेनात. मी उठून हात दिला. बसल्यावर त्यांनी एक तुकडा उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला.

"ती माझ्या मातीची हाय," ते म्हणाले.

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. मला बाराबंदीतच बसवा, असं सिद्रामप्पांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. जुनी तर विटलेली. म्हणून शिवबाईनं हातानं नवी शिवली, पाला घालून ट्रंकेत ठेवली, "आता तुमी सुखानं जावा," म्हणून चेष्टाही केली. आणि त्याच साली स्वतः पुढं निघून गेली. त्या घडीला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता.

दाक्षायणीचं तोंड पांढरं पडलं. ती रडली नाही. ब्लेड खाली ठेवून तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, जसे काही ते कुणाला दिसू नयेत.

त्या दिवशी सिद्रामप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी कुस्करली आणि तशीच सारली. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडलेलं निस्तरता येतं. मला पोरीची दया आली आणि त्यांचा संताप आला. सरळ जाऊन म्हटलं, "अण्णा, ट्रंक उघडी ठेवलीत आणि तोंडाला कुलूप घातलंत. पोरीला काय सपान पडायचं होतं?"

"तिचं काय चुकलं, शांतम्मा?" ते म्हणाले. "कापड कुटं गेलंय? समदे तुकडे हायत. टाकं तेवढं गेलं. शिवबाईचं टाकं हुतं ते. आता कुटनं आनू?"

मी आल्या पावली परत फिरले. असं माझं फारसं होत नाही.

मी हे जसंच्या तसं दाक्षायणीला सांगितलं. तिनं सुपातले बंद बाजूला सारले. मग तिनं पाठीचा तुकडा उचलून उन्हाकडं धरला.

"शांतक्का, हिकडं बघा. टाकं गेलं, पर भोकं हायत की."

खरंच होती. ती बाराबंदी कधी अंगात घातली नव्हती, कधी धुतली नव्हती. कापडातली खळ जशीच्या तशी होती, आणि सुई जिथं जिथं गेली तिथं तिथं बारीक भोक राहिलं होतं. उन्हात ओळीनं उजेड दिसत होता.

तिनं मशीन चादरीखाली ढकललं आणि हातसुई घेतली. घरकाम उरकलं की ओसरीवर उन्हात बसायची, आणि शिवबाईच्या प्रत्येक भोकातून दोरा काढायची. एखादं भोक चुकलं की तेवढं उसवून पुन्हा. बायका जाता येता टोमणे मारत, "मिशन आणून हातानं शिवतीस व्हय गं?" त्यांना मी माझ्या भाषेत वाटेला लावलं. यात्रा तोंडावर आली आणि भीमाशंकरचं कापड अजून घडीतच होतं. तो भला माणूस. म्हणाला, "मी कुनाची तरी मागून घालतो. तू हे कर आदी."

एकदा शिवता शिवता ती म्हणाली, "आत्याबाईंचा हात कळायलाय मला. खांद्यावर टाकं लई बारीक, खाली आलं की लांब लांब. कटाळत हुत्या वाटतं."

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. शिवबाई होतीच तशी. तिची शेवटची भाकरी नेहमी जाड असायची. या पोरीनं सासूला डोळ्यानं पाहिलं नव्हतं, आणि माझ्या मैत्रिणीची खोड तिनं बरोबर पकडली होती.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात शेवटचा बंद लागला. तिनं घडी घातली, आत तोच पाला आणि तीच पुडी ठेवली आणि सासऱ्यांपुढं चटईवर ठेवून बाजूला उभी राहिली. मीही गेले होते. न जाऊन कसं चालेल?

सिद्रामप्पांनी घडी उलगडली. खांद्याच्या शिवणीवर बोट ठेवून ते खाली खाली नेत राहिले. टाके लांब होऊ लागले तिथं बोट थांबलं. बराच वेळ ते तिथंच होतं. मग भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "घालून बघतो."

भीमाशंकरनं बंद बांधले. बाराबंदीचे खांदे त्यांच्या दंडांवर उतरले. बंद आवळले तरी पोटावर कापडाचा झोळ राहिला. तीन वर्षांत माणूस निम्मा झाला होता, आणि रोज बघणाऱ्या आम्हाला ते दिसलं नव्हतं. शिवबाईनं ज्या अंगाला ती शिवली ते अंगच आता उरलं नव्हतं.

"मामा, मी बाजूनं आत घेती," दाक्षायणी घाईघाईनं म्हणाली. "बसंल बरोबर."

"न्हाय. हात लावू नको तिला." त्यांनी बंद सोडले आणि बाराबंदी मुलापुढं धरली. "तू घाल बगू."

भीमाशंकर बिचकला. मातीसाठी ठेवलेली ती अंगात कशी घालायची? पण बापापुढं बोलायची सवय नव्हती, त्यानं घातली. खांद्यावर खांदा बसला, छातीवर नीट आली. सिद्रामप्पा त्याच्याकडं वर-खाली बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढं त्यांचाच तरणा अवतार उभा राहिला, त्यांच्याही राहिला असेल.

"ही पेलायला जाऊ दे," ते म्हणाले. "एवढं चांगलं टाकं मातीत कशाला घालायचं? त्या कापडाची मला नवी शिव, यव्वा."

मशीनवरचं कापड तसंच होतं. दाक्षायणीनं डोळे पुसले, खुंटीवरची टेप काढली आणि क्लासच्या दारात ऐकलेलं आठवून म्हणाली, "मामा, ताठ उभं ऱ्हावा. हात खाली सोडा."

सिद्रामप्पा हसले. शिवबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मुलाच्या खांद्याला धरून ते हळूहळू चटईवर उतरले, एकेक गुडघा हातानं दुमडला, मांडी घातली, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात मांडीवर एकात एक ठेवले. माणसाला शेवटी बसवतात तसेच.

"हे असं घे," ते म्हणाले.

दाक्षायणी टेप धरून नुसती उभी राहिली. मी तोंडात पदर कोंबला, पण व्हायचं ते झालंच. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. मग तीच गुडघ्यावर बसली. खांदा घेतला, छाती घेतली, मानेपासून चटईपर्यंत पाठ घेतली. प्रत्येक माप घेताना तिचा तळहात क्षणभर तिथंच राहत होता.

"आतला त्यो हिरवा बंद तेवढा काडून माझ्याला लाव," सिद्रामप्पा म्हणाले. "भीमाला तुज्या लुगड्याचा घाल."

"व्हय, मामा." ती टेप पोटाभोवती फिरवून थांबली. "हितं कसं करू? अंगाबरोबर, का सैल?"

"सैलच ठेव, यव्वा," ते म्हणाले. "लई दिवस बसायचंय."